समोर एकच तबला, मग घरात पाच कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुमची मुलगी तबला विशारद झाली आहे, पुण्यात कॉलेज करता करता साथीला बसायला लागली आहे. घरात चार तबले आहेत: दोन काळी एकचे, एक पांढरी दोनचा (ही स्वरांची नावं, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून पडलेली), आणि चौथा तुमच्या वडिलांचा, मोठ्या तोंडाचा, पुडी (तोंडावरचं कातडं) फाटून माळ्यावर पडलेला. आता ती पाचवा मागते आहे, काळी चारचा. तुमचं म्हणणं असं की वाजवताना समोर एक तबला आणि एक डग्गा असतो, मग बाकीच्यांचं करायचं काय? आणि ओघात तुम्ही हेही विचारलंत की ही सगळीच वादक मंडळी लागतात त्यापेक्षा जास्त वाद्यं का बाळगतात. गरज म्हणून, की हौस म्हणून?

दोन्ही असतं. माझ्या स्वतःच्या घरात दोन्ही आहे आणि कुठला तबला कुठल्या खात्यात जातो ते मला नीट ठाऊक आहे. साथीला बसून आणि शिकवून माझं पोट चालतं, तेव्हा तबल्याबद्दल जास्त बोलेन, बाकी वाद्यांबद्दल बेताने.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. साथ करणाऱ्याला किती तबले लागतात हे तो स्वतः ठरवत नाही. ते समोर गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. मला कार्यक्रमाचा फोन येतो तेव्हा तारीख आणि ठिकाण झालं की पुढचा प्रश्न मी विचारतो, ‘पट्टी कुठली?’, म्हणजे गाणारा ‘सा’ कुठे धरणार? संयोजक म्हणतो काळी एक, तर एक पिशवी भरायची. काळी चार म्हणाला, तर दुसरी. ज्याच्याकडे दुसरी पिशवीच नाही त्याला एक तर नाही म्हणावं लागतं किंवा काहीतरी जमवून न्यावं लागतं. जमवून नेलेलं पहिल्या रांगेत बसलेल्यांना कळतं.

हे तबल्याच्याच नशिबी का? ढोलवाला इतके नग बाळगताना दिसत नाही. याचं कारण तबल्याच्या मधोमध बसलेली ती काळी शाई. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) एकमेकांशी पटत नाहीत, म्हणून आवाज येतो पण नेमका स्वर ऐकू येत नाही. लोहकीस आणि खळीचं मिश्रण थरावर थर देत, दगडाने घोटत पुडीवर बसवलं की ते उपस्वर बरेचसे सरळ पटीत येतात आणि कानाला पक्का स्वर लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये याच गोष्टीवर टिपण लिहिलं होतं, आणि पुढेही ते या विषयाकडे वळले. आपल्या कारागिरांनी हे गणित हाताने कधीच सोडवून ठेवलं होतं. पण त्या शाईची किंमत अशी, की तबला एकदा स्वरात बोलू लागला की चुकीच्या स्वरातही तितकाच स्पष्ट बोलतो. ज्या वाद्याला नेमका स्वरच नाही ते बेसूर वाजलं तरी कोणाला खुपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, स्वर बदलता येतो की, ती हातोडी कशाला असते? बरोबर. गट्टे (वाद्यांखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) वरखाली ठोकले, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या पट्ट्यावर) हलक्या हाताने मारलं की स्वर चढतो-उतरतो. पण किती? चांगल्या पुडीचा एक ठरलेला स्वर असतो, तिथे ती खुलते. तिथून अर्धा स्वर वर, अर्धा खाली आरामात जाते. त्याहून खाली आणली की पुडी सैल पडते, ‘ना’ या बोलाची धार जाते आणि शाईवरचे बोल भदभदतात. त्याहून वर ताणली की आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) मरते, आवाज लाकडासारखा कोरडा होतो, आणि एखाद्या दिवशी बैठक सुरू असतानाच चाटेपाशी (पुडीच्या कडेच्या पट्टीपाशी) फाटते. म्हणजे एक तबला फार तर दोन-तीन पट्ट्यांचा धनी. आणि पट्ट्या आहेत बारा.

तोंडाच्या मापावरून अंदाज येतो. सव्वापाच इंच तोंड असेल तर पांढरी दोनच्या आसपास, साडेपाच असेल तर काळी एक, सहाच्या पुढेमागे काळी पाच-पांढरी सहा, सव्वासहाला काळी चारपर्यंत उतरता येतं. लाकूड, खोडाची (लाकडी अंगाची) जाडी, पुडीचं कातडं, शाईचं वजन यांनी हे आकडे थोडे सरकतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या तीन तबल्यांची तोंडं मोजून पाहा, या हिशोबाच्या फार बाहेर जाणार नाहीत.

आता तिच्या मागणीकडे येऊ. काळी चारच का? माझा अंदाज असा की ती गाणाऱ्या मुलींच्या साथीला बसायला लागली आहे. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या अलीकडे-पलीकडे गातात, बायकांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, काळी चार ते काळी पाच या टापूत असतो. (अपवाद पुष्कळ. चढ्या पट्टीत गाणारे पुरुष आहेत, ढाल्या, म्हणजे खालच्या, स्वरात गाणाऱ्या बायकाही आहेत. पण तबलजीचं कपाट अपवादांवर भरत नाही.)

आता गंमत बघा. काळी चार हा षड्ज धरला तर त्याचा शुद्ध मध्यम येतो काळी एक, आणि पंचम येतो काळी दोन. म्हणजे तिच्याकडे असलेले काळी एकचे दोन्ही तबले काळी चारच्या गायिकेला मध्यमात लावून चालवता येतात! बागेश्री, मालकंस असले राग असले तर शोभतातही, तिथे मध्यमाचं राज्य आहे. पण गायिकेने यमन काढला की पंचाईत. यमनात मध्यम तीव्र, आणि तबला बसलाय शुद्ध मध्यमात. प्रत्येक ‘ना’बरोबर तो शुद्ध मध्यम कानात टोचत राहणार. भूप काढला तर त्यात मध्यमच नाही. मग पंचमात जावं, म्हणजे पांढरी दोनचा तबला अर्धा स्वर चढवून काळी दोनला न्यायचा. यमन, भूप दोन्ही निभावले. आणि मारवा काढला तर? मारव्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. पूरियाचं तेच, सोहनीचं तेच. तिथे षड्जाशिवाय दुसरी जागाच उरत नाही. कुठल्याही रागात बिनदिक्कत चालतो असा स्वर एकच, षड्ज. काळी चारचा तबला मागण्यामागे हे गणित आहे, आणि हे गणित तुमच्या मुलीने स्वतः केलं असेल तर तिचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

वर आणखी एक कारण आहे, ते गणितात बसत नाही. विलंबित ख्यालाला तिलवाडा किंवा झुमरा असा संथ ताल लावायचा असतो तेव्हा एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत बरीच मोकळी जागा असते. ती जागा तबल्याच्या आसेने भरते. टिपेचा (चढ्या स्वराचा) तबला पंचमात कसून लावला तर तो लखलखीत वाजतो, पण त्याचा आवाज गायिकेच्या गळ्याच्या वरून टोचत जातो. मोठ्या तोंडाचा, ढाल्या षड्जातला तबला असेल तर ‘तिं’ वाजवल्यावर तो स्वर खाली पसरतो आणि गाणं त्याच्यावर बसतं. छोट्या ख्यालात, ठुमरीत, नाट्यगीतात टिपेचा चालून जातो. काही गायिकांना तर तोच आवडतो. इथे मतभेद आहेत, मी माझं सांगतो.

तेव्हा एवढ्यापुरतं एका दमात: ती केवळ रियाज आणि परीक्षेसाठी वाजवत असेल तर एक तबला पुरे. स्वतंत्र वादन करत असेल तर एक चांगला आणि एक राखीव, कारण लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) तिच्या सोयीच्या पट्टीत धरता येतो. गायनाच्या साथीला बसत असेल तर कमीत कमी तीन पट्ट्या हाताशी लागतात: काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोन, आणि एक ढाला. कथकच्या साथीला, वाद्यवृंदात जात असेल तर यात फरक पडेल. ती काय करते हे तुम्हाला ठाऊक, मला नाही.

राहिला प्रश्न, काळी एकचे दोन कशाला. हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि वादक हसून टाळतात. एकाच स्वराचे दोन तबले ही चैन वाटते, पण माझ्या मते साथीदाराची हीच सगळ्यांत रास्त मागणी आहे.

कातडं हवेवर जगतं. मुंबईत, कोकणात श्रावणात कार्यक्रम असला तर पिशवीतून काढल्या काढल्या तबला उतरलेला मिळतो. तोच तबला वातानुकूलित सभागृहात नेला की कोरड्या हवेने तासाभरात चढायला लागतो, आणि डोक्यावर दिवे तापलेले असले तर आणखीच. गायकाने आलापी सुरू केली आहे, तुम्ही सम येईपर्यंत वाट पाहताय, आणि तबला कणभर वर सरकलाय हे फक्त तुम्हाला आणि त्याला कळलंय. त्या वेळी हातोडी चालवणं म्हणजे गाण्यात खोकल्यासारखं. कसलेला वादक दोन समांच्या मधल्या फटीत एक-दोन ठोके मारून घेतो. पण पुडी एका बाजूला चढली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सोळाच्या सोळा घरं (वाद्यांमधल्या जागा) पुन्हा जुळवायला निवांतपणा लागतो. म्हणून दुसरा तबला आधीच त्याच स्वराला लावून शेजारी झाकून ठेवायचा. दोन बंदिशींच्या मध्ये तो पुढे ओढायचा, झालं. पुडी फाटली तर मग विचारायलाच नको.

शिवाय रियाजाचा आणि मैफलीचा तबला एक ठेवू नये. रोज दोन-तीन तास हात पडला की शाई हळूहळू सैल होते, कणाकणाने उडायला लागते, चाट बधिर होते. पुडीचं आयुष्य ठरलेलं असतं. किती ते हातावर, हवेवर, हाताच्या घामावर. मला वाटतं लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही आहे. खोड पिढ्यानपिढ्या टिकतं. शिसवाचं, खैराचं, बाभळीचं चांगलं खोड तुमच्या नातवंडांच्याही कामाला येईल. पण आवाज खोडाचा एकट्याचा नसतो, तो पुडीबरोबर येतो आणि पुडीबरोबर जातो. तबला घेणारा माणूस लाकूड कायमचं घेतो आणि आवाज थोड्या मुदतीचा घेतो. आणि त्याच कारागिराने, त्याच खोडावर, त्याच मापाची दुसरी पुडी चढवली तरी पहिलीसारखी बोलेल याची खात्री नाही. कातडं वेगळ्या बकऱ्याचं, शाई वेगळ्या दिवशी घोटलेली. म्हणून एखादी पुडी अशी काही लागते की वादक ती डोळ्यांत तेल घालून जपतो, फक्त खास बैठकीला काढतो आणि रोजच्या मारझोडीला दुसरी ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा कंजूसपणा आणि उधळेपणा एकदमच वाटतो.

तबल्याच्या बाहेर थोडं डोकावू. बासरीवाल्याला तर सुटकाच नाही, कारण बांबूला भोकं एकदा पाडली की त्याची पट्टी कायमची ठरली. त्याच्या लांब पिशवीत दहा-बारा बासऱ्या असतात त्या शोभेच्या नसतात. सुगम संगीताच्या एका कार्यक्रमात गाण्यागणिक बासरी बदलते. गायक तंबोरे बाळगतात त्यातही मर्दानी आणि जनानी अशी वेगळी मापं असतात, भोपळा आणि तारा त्या गळ्याला साजेशा. मिरजेच्या कारागिरांकडे तंबोरा लावायला किंवा दुरुस्तीला गेलात तर आधी तेही पट्टीच विचारतील. (तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मात्र पंढरपूर भागातून येतात, हे मिरजेबाहेर फारसं कोणाला माहीत नसतं.) सतारवाल्याकडे दोन सतारी असल्या तर बहुतेकदा एक खर्जाच्या (सगळ्यांत खालच्या स्वरांच्या) तारांची, रविशंकरांच्या धाटणीची असते आणि दुसरी विलायत खाँ साहेबांच्या धाटणीची, खर्जाच्या तारा काढून गांधार-पंचमाची सोय केलेली. दोन्हींवर एकच माणूस एकच राग वाजवील, पण हात वेगळा चालवील. उलट व्हायोलिनवाले बघा. ते खुंट्या पिळून तारा गायकाच्या पट्टीत आणतात आणि एका वाद्यावर वर्षानुवर्षं काढतात. पेटीवाल्याकडे स्केल चेंजर असला की त्याचं निम्मं काम पट्टीवर सरकतं, तरी पेटीवाल्यांकडे दोन-तीन पेट्या सापडतात, आणि त्यातल्या सुरांवरून ते तासभर बोलू शकतात. म्हणजे ‘सगळेच वादक जमवतात’ हे खरं असलं तरी प्रत्येकाच्या जमवण्यामागे वाद्याची बनावट उभी असते. ज्या वाद्याचा स्वर सहज बदलतो, त्याच्या मालकाला कमी नग पुरतात.

इथपर्यंत गरज झाली. आता हौसेबद्दल, कारण तुम्ही विचारलं तेही खरंच आहे.

वादकाच्या कानात एक आवाज असतो. लहानपणी रेडिओवर, कोणाच्या मैफलीत, गुरुजींच्या बैठकीत कधीतरी ऐकलेला. तो आवाज आपल्या तबल्यातून का येत नाही, या तळमळीपोटी माणूस दुकानं पालथी घालतो. दिल्लीचा बाज (वाजवण्याची ढब) चाटेवरचा, म्हणून चाट बोलणारा एक हवा. पूरबचा बाज लवेवर (चाट आणि शाईमधल्या भागावर) आणि शाईवर खुलतो, म्हणून तसा एक हवा. बनारसचा खुला, जोरकस, म्हणून जड खोडाचा एक हवा. हे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. प्रत्यक्षात तयार हाताचा माणूस एकाच साध्या तबल्यावर तिन्ही बाज ऐकवतो आणि कच्च्या हाताच्या माणसाला तिन्ही तबल्यांवर एकच ऐकू येतं. घराण्यांच्या नावाने जास्तीचे तबले मागणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सरळ नाही म्हणतो. कानातला तो आवाज बहुतेक वेळा बोटांतून यायचा राहिलेला असतो. दुकानदाराकडे त्याचा इलाज नाही.

पण हौसेतही एक भाग असा आहे ज्याला मी हसणार नाही. काही वाद्यं विकता येत नाहीत. गुरुजींनी हातात दिलेला तबला, गेलेल्या मित्राचा डग्गा, तुमच्या माळ्यावरचा तो आजोबांचा. त्यांचा हिशोब नगात करू नये. मात्र एवढं करावं, की ती वाद्यं पडून राहू देऊ नयेत. कातडं लावून माळ्यावर टाकलं की त्याला कसर लागते, उंदीर वाद्या कुरतडतात, पावसाळ्यात बुरशी येते. जे महिनोन्महिने वाजणार नाही त्याचे गट्टे थोडे उतरवून, कोरड्या कपड्यात गुंडाळून, भिंतीला न टेकवता ठेवावं आणि अधूनमधून हवा दाखवावी. माझ्या ओळखीच्या एका घरात भिंतभर तबले मांडलेले आहेत आणि एकही स्वरात नाही. तिथे गेलं की मला बोलावंसं वाटत नाही.

म्हणून गरज आणि हौस वेगळी करायला मी विद्यार्थ्यांना एकच चाचणी देतो. नवा तबला मागायच्या आधी घरात असलेले सगळे स्वरात लावून दाखव. लावायला बसलं की आपसूक कळतं, कुठला तबला कामाचा आहे, कुठल्याची पुडी मेली आहे, आणि कुठल्याला आपण विसरूनच गेलो होतो. निम्म्या मागण्या तिथेच गळतात. उरलेल्या खऱ्या असतात.

तुमच्या बाबतीत याचा फायदा असा. माळ्यावरचा मोठ्या तोंडाचा तबला खाली काढा. तोंड मोजा, गजऱ्याच्या आतून, गजऱ्यासकट नाही. सहा ते सव्वासहाच्या दरम्यान भरलं आणि खोडाला तडा, कीड नसेल तर तुमच्या मुलीचा काळी चारचा तबला बहुतेक घरातच आहे. तडा बघायला खोड रिकामं करून उजेडाकडे धरायचं, कारण बाहेरच्या रंगाखाली बारीक चीर लपते. बोटाने टिचकी मारली की धड खोड खणखणतं, चिरलेलं भकास वाजतं. काठ सपाट आहे का तेही पाहावं लागेल, जुन्या खोडांचा काठ कधीकधी झिजून एका बाजूला बसलेला असतो. तो कारागीर रंधा मारून सपाट करून देतो. नवी पुडी, लागतील तर नव्या वाद्या, एवढ्यावर काम होईल आणि खर्च नव्या तबल्यापेक्षा बराच कमी येईल. पुण्यात कामाचे कारागीर आहेत. मुलीच्या गुरुजींना विचारा, ते स्वतः कोणाकडे पुडी चढवतात. त्या कारागिराला ‘तबला नीट करा’ असं सांगू नका. ‘काळी चारला लावायचा आहे, ख्यालाच्या साथीसाठी’ असं सांगा, म्हणजे तो शाई त्या बेताने घोटेल. नव्या पुडीला बसायला थोडे आठवडे द्या. पहिल्या दिवशी ती उतरत राहते, त्याला घाबरू नये.

तोंड साडेपाचच्या आसपास निघालं तर मात्र त्याला ओढूनताणून ढाला करू नका. तो घरातला तिसरा काळी एक होईल. तेव्हा रियाजाला तो ठेवा, आणि सध्याच्या दोनपैकी कमी बोलणारा एक तुम्ही विकू शकता, किंवा क्लासमधल्या एखाद्या नव्या मुलाला देऊ शकता. त्या पैशांत थोडी भर टाकून ढाला तबला घ्या.

नवा घ्यायचाच झाला तर दुकानात मुलीला एकटीला वेळ द्या. फोनमध्ये तंबोरा काळी चारला लावून जवळ ठेवावा, दुकानातल्या दुसऱ्या तबल्यांच्या गोंगाटात कान फसतो. सोळाही घरांवर एकेक ‘ना’ वाजवून पाहायचं, प्रत्येक घर तोच स्वर देतं का. मग ‘तिं’ वाजवून हात उचलायचा आणि ऐकत राहायचं, आस कुठवर जाते. शाई अंगठ्याने हलकेच दाबावी. काळा कण बोटाला लागला तर तो तबला परत ठेवावा. दुकानदार जर आधी टिपेला चढवलेला तबला वाजवून दाखवून ‘हाच उतरवून देतो, काळी चारला येईल’ असं म्हणाला, तर नम्रपणे पुढच्या दुकानात जावं. आणि जड खोडाला भुलण्याआधी तिला ते पिशवीत घालून, खांद्याला लावून जिना चढून-उतरून बघायला सांगा. पीएमपी बसच्या गर्दीत तबला, डग्गा, चुंबळी, हातोडी आणि दप्तर तिलाच न्यायचं आहे.